हाजरांकडचा पडलेला सण

“अगं, झाल्या का? इथं दूध आटून चाललंय!”

ओसरीवरून येणारी सासऱ्यांची ही हाक मी एकाच दुपारी ऐकली, त्याला बावीस वर्षं झाली. पौष संक्रांतीचा आदला दिवस होता. माझ्या अंगावरची लग्नाची हळद अजून पुरती उतरली नव्हती. चुलीपाशी सासूबाई आणि मी पुली वळत बसलो होतो. नव्या तांदळाच्या पिठीची उकड, आत खोबरं आणि खजुराच्या गुळाचं सारण, दोन्ही टोकं निमुळती, पोट फुगीर. अठरा माणसांचं घर, शिवाय गावभर वाट्या जायच्या. हाजरांची पुली म्हटलं की लोक सासऱ्यांचं नाव घ्यायचे.

सासूबाईंनी मान वर केली नाही. “आटतंय तर ढवळा म्हणावं,” एवढंच मला म्हणाल्या. पहाटेपासून दुपारपर्यंत त्या ढेकीवर उभ्या होत्या, लाकडी दांडा पायाने दाबत, तांदूळ कांडत. ओठांत काहीतरी चाललेलं असायचं:

ढेकी चाले, ढेकी चाले, पाय माझा थांबेना,
पौष सरला, पिठी बाई, तुझं पोतं संपेना.

दुसऱ्या दिवशी सूर्य वर आला आणि त्यांच्या खोलीतून हंबरडा उठला. सासरे गेले होते.

इतर कुठल्या दिवशी माणूस गेलं तर वर्षभर सुतक पाळायचं, पुढल्या पौषात पुन्हा पुली करायच्या, अशी आमच्याकडची रीत. पण नेमकं संक्रांतीच्याच दिवशी गेलं, तर तो सण त्या घरात कायमचा पडतो. पुढे कधी त्याच दिवशी घरात मूल नाहीतर गोठ्यात वासरू जन्मलं, तरच उठतो. बावीस वर्षं आमच्या चुलीवर पौषात पिठी भिजली नाही. शेजारणी वाट्या आणून द्यायच्या, आम्ही खायचो. अठरा माणसांची चार झाली. माझ्या आईने माझ्या बोटांत घातलेली कला बोटांतच सुकून गेली.

यंदा आमची गाय श्यामली गाभण होती आणि दिवस संक्रांतीच्या आसपासच भरत होते. फाल्गुनात माझ्या झुमाचं लग्न. शेजारच्या सुबासिनी काकींनी आठवड्यापूर्वीच टोमणा मारला होता, “तरु, पोरीला सासरी काय काय देतेस? भांडी, साड्या, आणि मिटता न आलेली, उघड्या तोंडाची पुली?”

“शिकेल हो तिथं.”

“शिकेल ना. सासू शिकवेल, आणि रोज तुझ्या नावाने शिकवेल!”

मला ते लागलं. एक संक्रांत, फक्त एक, मुलीला शेजारी बसवून वळावी. मग तिने जावं. बाकी मला आता कसलीच हौस उरली नाही. शाळेत दीडशे पोरांची खिचडी ढवळून घरी येते तेव्हा खांदे माझे असल्यासारखे वाटत नाहीत. तरी संक्रांतीच्या आदल्या सकाळी मी कोणाला न सांगता तांदूळ भिजवले आणि पातेलं कोठीच्या मागे सरकवून ठेवलं.

दुपारी श्यामली उठबस करू लागली.

मी गोठ्यात धावले. सासूबाई आधीच तिथे होत्या, गाईच्या पाठीवर हात फिरवत. संधिवाताने त्यांची बोटं वाकडी झाली आहेत. उघडा तळहात फिरवत होत्या.

“मा, एवढ्यात नको,” मी म्हणाले. “उद्याचा सूर्य उगवू दे. तिला उभी करा, जरा फिरवू या.”

“ती दमलीय.”

“थोडीच कळ काढायचीय.”

“कळ तू काढतेस का?” मला सुनावून त्या गाईलाच म्हणाल्या, “तुझ्या सोईने ये गं बाई. यांच्या पंचांगाकडे नको बघू.”

मला रडू आलं, राग आला. मी बाहेर जाऊन ओट्यावर बसले. खजुराच्या झाडांवर रसाची मडकी लटकत होती. ऊन अजून अंगणात होतं, चार वाजले असतील, आणि आतून सासूबाईंची सुनेला मारायची हाक आली, “कालवड झाली, बउमा! गोरी आहे, आईवर नाही गेली.”

एका दिवसाने चुकलं. कालवड पाय फाकून उभी राहायला बघत होती, पडत होती, पुन्हा बघत होती. आणि मला तिचं कौतुक करणं जमत नव्हतं.

सुबासिनी काकी कुंपणावरून डोकावल्या आणि सगळं समजून आत आल्या. “असं तोंड काय करून बसलीस? कोणी पाहिलंय? दार लोटून घे. उद्या उजाडलं की जन्माचा शंख वाजव, मी पहिली धावत येते, म्हणते, अगो बाई, आत्ताच झाली का? माझी तोंडं दहा आहेत, काळजी करू नकोस.”

मी एकदम उठले. “आणि झुमाचे बाबा?”

“बाजारातून रात्री येणार ना ते? पुरुषांना गोठ्यातलं काय कळतंय! त्यांना वाटेल, गाय जरा बारीक झाली.” काकी पदराआड हसल्या आणि गेल्या.

मी दार ओढून घेतलं. आत अंधारलं. सासूबाई पेंढ्याने कालवडीचं अंग पुसत होत्या.

“मा, तुम्ही काही बोलू नका म्हणजे झालं.”

त्यांचा हात थांबला.

“दार उघड, बउमा. शंख आत्ता वाजव.”

“एका दिवसाचा तर प्रश्न आहे! कोणाचं काय जातंय?”

“दिवस सरकवू नकोस,” त्या म्हणाल्या. “मी एकदा सरकवलाय.”

मला काही कळलं नाही. त्या पेंढा खाली ठेवून भिंतीला टेकल्या.

“भिजवलेस तेवढे तांदूळ वाट, आणि झुमाला बसव. तुझे सासरे संक्रांतीला गेले नव्हते. आदल्या दिवशी दिवेलागणीला गेले. मी पहिली वाटी घेऊन खोलीत गेले, हाक मारली, पुन्हा मारली. मग बाहेर येऊन तुला म्हणाले, त्यांना झोप लागलीय, उठवू नका, उरलेली उकड झाकून ठेव.”

मला ती झाकलेली उकड आठवली. सासूबाई किती प्रेमाने नवऱ्याची झोप राखतात, असं त्या वेळी मनात आलं होतं.

“आणि मग?”

“मग उजाडेपर्यंत बसून राहिले त्यांच्याजवळ.”

“रडला नाहीत?”

“तेव्हाच रडले असते तर वर्षभराचं सुतक. मग पुढला पौष, त्याच्या पुढला.” त्यांनी दोन्ही तळहात मांडीवर उताणे ठेवले. “तेरा वर्षांची आले या घरात. चौतीस संक्रांती केल्या. माणूस वाईट नव्हता गं. मला पुली खायला कधी नाही म्हणाले नाहीत. पण हात फार दुखत होते, बउमा.”