बिरदेवमामांची प्रेस
गेल्या वर्षी कुपवाडच्या आमच्या कारखान्यात बिरदेवमामांचं एक बोट पत्रा दाबायच्या प्रेसखाली गेलं. त्यानंतर मालक वीरधवलदादांनी मला फर्मावलं, "समीक्षा, पुढची संरक्षक जाळी उघडी असली तर प्रेस चालताच कामा नये. बसव कायतरी." कराडला इंजिनिअरिंग शिकलेली इथं मी एकटीच, त्यामुळे सगळ्या वायरी माझ्याच गळ्यात.

सर्किट अगदी साधं. जाळीला चुंबक, मशीनला सेन्सर. जाळी बंद झाली की चुंबक जवळ येतो, सेन्सरचा व्होल्टेज तीनच्या वर चढतो, ते ओळखून ऑपअ‍ॅम्पची चिप हिरवा दिवा लावते आणि मगच प्रेस चालते. टेबलावर ते शहाण्यासारखं वागायचं. प्रेसवर बसवलं की जाळी सताड उघडी आणि दिवा हिरवागार! ऑपअ‍ॅम्प तीनदा बदलला, सेन्सर दोनदा. मीटर आपला तीन पॉइंट चारच दाखवत होता. वैतागून मी मीटरलाच शिव्या घातल्या.

सुट्टीच्या दिवशी हट्टानं एकटी येऊन तपासलं, तर सगळं चोख. दुसऱ्या दिवशी मामा कामावर आले आणि पुन्हा तेच. मग मी त्यांच्यावरच पाळत ठेवली. पुढच्या सुट्टीनंतर आल्या आल्या त्यांनी पिशवीतून बिरोबाचा फोटो काढला आणि सेन्सरच्या डबीशेजारी खट्कन चिकटवला. त्या फोटोला रोज मीही हात जोडत होते.

"मामा, ह्याच्या मागं काय लावलंय?"

"जुन्या स्पीकरचा लोहचुंबक, ताई. सुट्टीला फोटो घरी न्यावा लागतो, घरची भंडारा लावून देती. ऱ्हायलेली बोटं नीट ऱ्हावीत म्हणून."

हसावं की कपाळ बडवून घ्यावं, कळेना. सेन्सर बिचारा निर्दोष होता. फोटो पलीकडच्या बाजूला लावला आणि सर्किट सुतासारखं सरळ झालं.

चार दिवसांनी दादा तणतणत प्रेसपाशी आले. दर नगाला जाळी लावायची, त्यामुळे माल निम्म्यावर आला होता. आता सर्किट नीट चालतंय, हे पटवायला मी मूर्खासारखी फोटोची सगळी गोष्ट रंगवून सांगितली. दादांनी आधी निम्म्यावर आलेल्या मालाकडं पाहिलं, नंतर फोटोकडं. मग मवाळ आवाजात म्हणाले, "बिरदेव, देवाची जागा अशी हलवू नये रं. हुता तितंच लाव."

"दादा, बोटं जातील त्यांची!" मी ओरडलेच.

"देव हाय की पाठीशी. तू भक्तीच्या आड येऊ नगंस."

मामांनी फोटो होता तिथं लावला आणि डोळे पुसले. मालकांना आपल्या देवाची एवढी काळजी आहे, हे त्यांना आजवर ठाऊकच नव्हतं.