दोन रिंगा

आमच्या बाबांना फोनवर बोलणं म्हणजे शिक्षा वाटते. रोज सकाळी चहा झाला की ते माझ्या मोबाइलवर दोन रिंगा देतात आणि फोन ठेवून टाकतात. अर्थ एवढाच, की मी उठलोय, ठीक आहे, तू तुझं काम कर. तो फोन मी उचलायचा नाही. एकदा चुकून उचलला, तर म्हणाले, "काय गं, दुकानात गिऱ्हाईक नाही वाटतं?" काही बिनसलं तर ते फोन वाजत ठेवणार आणि मग मी उचलणार, असं ठरलेलं. आई गेल्यापासून आमचं हे असंच चाललं होतं, आणि तेवढ्यावर माझा अख्खा दिवस निर्धास्त जायचा.

बाबा दगडखाणीत क्रेन चालवायचे. खाण बंद पडली, बरोबरची माणसं पांगली, पण बाबा खाणीच्या तळाशी असलेल्या घरात एकटेच ठाण मांडून बसले. तिथे मोबाइलला रेंज नाही. भिंतीवरचा जुना तारेचा फोन हाच काय तो आधार.

मग सरकारने टेलिफोन कंपनीवरची सक्ती उठवली. आधी तारेचा फोन बिघडला की तो दुरुस्त करून द्यावाच लागायचा. आता सगळी कंपनीची मर्जी. बाबांचा फोन मधेच बंद पडायला लागला तेव्हा मी तक्रार केली. लाइनमन खांबापर्यंत जाऊन आला आणि माझ्या चष्म्याच्या दुकानात येऊन म्हणाला, "ताई, तारेच्या जोडात पाणी शिरलंय. नंबर लागतो, पण जरा वेळाने लाइन आपोआप तुटते. केबलच बदलायला पाहिजे. पण वरून मंजुरी मिळत नाही."

मी कंपनीला फोन करून त्यांचे चांगले वाभाडे काढले. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, त्या भागात तारेची सेवा देणं आता आम्हाला बंधनकारक नाही." त्या गोडव्याने माझं डोकं आणखीच फिरलं. पण आपलं डोकं फिरून कुणाची केबल बदलत नाही. बाबांना म्हटलं, माझ्याकडे राहायला या. तर म्हणाले, "दोन रिंगा जातायत ना? मग झालं तर."

त्या सोमवारी मी एका आजोबांचे डोळे तपासत होते. फोन दोनदा वाजून थांबला. स्क्रीनवर 'बाबा'. मी आजोबांना पुढची ओळ वाचायला लावली.

थोड्या वेळाने पुन्हा दोन रिंगा. मला हसूच आलं. "आमचे बाबा आज डबल हजेरी लावतायत," मी आजोबांना म्हटलं.

तिसऱ्यांदा दोन रिंगा आल्या आणि मी हातातली तपासणीची काच खाली ठेवली. बाबा विसरभोळे नाहीत. माझ्या लहानपणीच्या खोड्या त्यांना अजून तोंडपाठ आहेत. मी नंबर लावला, तर एंगेज. कुणाशी तरी बोलत असतील, अशी मनाची समजूत घातली. पण कुणाशी? त्यांच्याशी फोनवर बोलणारे एकच होते, त्यांचे जुने फोरमन, आणि ते वारूनही वर्ष झालं होतं.

तेवढ्यात पुन्हा 'बाबा'. या वेळी मी पहिल्याच रिंगला उचलला. नुसती खरखर होती. त्या खरखरीत कुणीतरी धाप लागल्यासारखं श्वास घेत होतं. मी "बाबा" म्हणेपर्यंत लाइन तुटली.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दोन रिंगांनंतर बाबा फोन ठेवत नव्हते. ते फोन वाजत ठेवत होते आणि तारेचा तो भिजलेला जोड दोन रिंगांतच लाइन तोडून मला रोजचा निरोप देत होता, की ठीक आहे, तू तुझं काम कर.

ॲम्ब्युलन्सला पत्ता सांगितला, आजोबांना तसंच खुर्चीत सोडलं आणि गाडी काढली. वाटेत आणखी एकदा दोन रिंगा आल्या. मग रस्ता खाणीत उतरायला लागला आणि मोबाइलची रेंज गेली. आता त्यांनी कितीही वेळा फोन लावला असता, तरी मला कळणार नव्हतं. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी मोठमोठ्याने बाबांशी बोलत गाडी चालवत होते.

ते स्वयंपाकघरात जमिनीवर पडले होते. एक पाय भलताच वळला होता. वायरीला धरून त्यांनी फोन भिंतीवरून खाली ओढला होता, रिसीव्हर छातीवर होता, आणि बोट अजून माझाच नंबर दाबत होतं. मला बघून त्यांनी बोट थांबवलं.

"कामात होतीस का गं?" ते म्हणाले. "सारखी कापत होतीस."

"मी नाही कापला, बाबा. लाइन तुटत होती."

ॲम्ब्युलन्स आली. त्यातल्या माणसाने नाडी बघितली, पाय चाचपला आणि म्हणाला, कंबरेचं हाड मोडलंय बहुतेक, पण वेळेत पोचलात. स्ट्रेचर दारातून काढेपर्यंत मी तेच सांगत राहिले, मी नाही कापला, बाबा, खरंच नाही. त्यांनी माझा हात थोपटला. लहानपणी मी खोटं बोलताना पकडली गेले की असंच थोपटायचे.

"असू दे गं," ते म्हणाले. "गिऱ्हाईक असेल."