मागचा फाळ

"नवा फाळ बशिवलाय की कालच! तरी बी मागचा वरच्यावर घसरतुया," रावजी वैतागून म्हणाला आणि त्यानं नांगराला लाथ मारली.

मानसिंग ड्रायव्हरनं ट्रॅक्टर बंद केला. नांगर रावजीच्या वडिलांच्या वेळचा, दोन फाळांचा, ट्रॅक्टरमागं ओढायचा. पुढचा फाळ जमिनीत नीट शिरत होता, मागचा मात्र नुसती ढेकळं खरवडत होता. मोठा दुष्काळ सरल्यानंतरचा तो उन्हाळा. पडीक राहून रान दगडासारखं झालं होतं आणि बैल तर दुष्काळातच गेले होते. सोसायटीचा ट्रॅक्टर उद्या सकाळी पुढच्या गावाला निघणार होता. परत वेळापूरला कधी येईल, कुणालाच ठाऊक नव्हतं.

"आकलूजला न्या ह्यो नांगर," मानसिंग म्हणाला.

"आन् तवर तू थांबतुयास व्हय?"

मानसिंगनं नकारार्थी मान हलवली.

चंद्रव्वा बांधावर उभी होती. भट्टीत शेवटून धार लावलेली खुरपी रावजीच्या बायकोला, सारजाबाईला, द्यायला ती आली होती. खुरपी खाली ठेवून ती रानात उतरली. चपला काढून नांगरानं पाडलेल्या तासातून अनवाणी चालत गेली, तशीच परत आली.

"रावजी, फाळाचा दोष न्हाय. तासाचा तळ एका अंगाला उतरता लागतुया पायाला. फाळ तिरका बसतूय."

तिनं पदराच्या गाठीतली सुतळी सोडली, तिला एक नट बांधला आणि नांगराच्या सांगाड्यावरून खाली सोडली. पुढचा फाळ ज्या जाड लोखंडी पायावर होता, तो सुतळीला चिकटून सरळ उतरला. मागचा पाय खाली जाता जाता बोटभर लांब गेला.

"दगडाला आडकून वाकलाय. तापवून सरळ करावा लागंल."

"कोन करनार?" रावजीनं विचारलं.

"मी."

चंद्रव्वाचा नवरा तिप्पण्णा असता, तर रावजीनं हा प्रश्न विचारला नसता. लग्न झाल्यावर अक्कलकोटकडून येऊन दोघांनी वेळापूरच्या वेशीबाहेर भट्टी टाकली होती. तिप्पण्णा सांडशीत लाल लोखंड धरायचा, हातोडीनं जागा दाखवायचा आणि त्या जागेवर चंद्रव्वा घण घालायची. उभा जन्म तसाच गेला. गेल्या दिवाळीत तिप्पण्णा वारला, तेव्हापासून लोक विळे आणि खुरपी तेवढी तिच्याकडं आणत. जड काम अकलूजच्या वर्कशॉपला जाई.

"बिघडलं तर?" रावजीनं हळूच विचारलं.

"आता तरी कुटं चालतुया?"

रावजीला हसू आलं. "सोड रं मानसिंग बोल्ट."

बोल्ट गंजले होते. रॉकेल ओतून, वाट बघून, शेवटी पान्याला पाइप लावून ते सुटले. नांगराचा पाय भट्टीवर आला तेव्हा तिथं चंद्रव्वाचा धाकटा भाऊ चनबसप्पा बसला होता. भट्टी मोडून बहिणीला माहेरी न्यायला तो कालच आला होता. ऐरण कुणाला तरी देऊन टाकायची, असं त्यानं मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

"अक्का, आता हे कशाला?"

"बोलत बसू नको, तम्मा. घण उचल."

मानसिंग भात्यावर बसला. लोखंड आधी काळपट लाल, मग केशरी झालं. रावजीनं दुसरं टोक सांडशीत धरलं. चंद्रव्वानं तिप्पण्णाची हातोडी घेतली. ती हलकी होती, पण तिचा हात क्षणभर अडला. आजवर या हातोडीनं दाखवलेल्या जागेवर तिनं घाव घातले होते. जागा दाखवायची वेळ कधी आली नव्हती.

तिनं वाकलेल्या जागेच्या जरा वर टकटक केलं. चनबसप्पानं घण घातला, तो भलतीकडंच पडला.

"हातोडीकडं बघ, माज्याकडं नको. आन् जोर घणाचा असू दे, तुजा न्हाय!"

पुढचा घाव बरोबर बसला. मग टक, धाड, टक, धाड असा ताल लागला. लोखंड काळवंडलं की पुन्हा आगीत जाई. चंद्रव्वा सुतळी लावून बघे, मान हलवी आणि पुन्हा तापवायला सांगे. अखेर सुतळी वरपासून खालपर्यंत पायाला टेकली.

मानसिंग पाण्याची बादली घेऊन धावला.

"थांब!" ती ओरडली. "पानी न्हाय! ठिसूळ हुईल, रानात पयल्याच ढेकळाला मोडंल. राखंत निवू दे."

"दिस कलायला लागला की, मावशे."

"कलू दे. लोखंडाला घाई केलेली चालत न्हाय."

सगळे राखेकडं बघत बसले. ऊन उतरलं, तशी रावजीची चुळबुळ वाढली. पण चंद्रव्वानं उपडा हात जवळ नेऊन बघितल्याशिवाय पायाला कुणाला शिवू दिलं नाही.

सूर्य टेकला असताना ट्रॅक्टर पुन्हा सुरू झाला. दोन्ही फाळ एकदम जमिनीत शिरले आणि काळी माती दोन लाटांसारखी उलटत गेली. चनबसप्पा नांगरामागून धावत गेला. परत आला तेव्हा घामानं भिजला होता.

"बुडाची माती वर आली, अक्का! बुडाची!" त्याचे डोळे चमकत होते. थोड्या वेळानं त्यानं हळूच विचारलं, "मग मी एकटाच जाऊ व्हय गावाला?"

"शिमग्याला येत जा की. घण मारायला मानूस लागतंच."

मानसिंग ट्रॅक्टर वळवताना तिच्यापाशी थांबला. "पुढच्या गावात बी जुनेच नांगर हायत. कुनाचा आडला तर काय नाव सांगू, मावशे?"

आजवर सारा गाव तिला तिप्पण्णाची बायको म्हणूनच ओळखायचा. तिनं पदरानं कपाळावरची राख पुसली.

"चंद्रव्वा म्हन," ती म्हणाली. "वेळापूरची चंद्रव्वा लोहार."

ट्रॅक्टर पुढं गेला. ती ताज्या तासात उतरली. दिवसभर तापलेल्या तळव्यांना आतली ओलसर माती गार लागली. अंधार पडेपर्यंत ती नांगरामागून तशीच चालत राहिली, ताठ मानेनं.