मुकुंदवाडीतली माझी हाक

मी मेंढी बोलतेय. कन्नडच्या घाटाजवळ सूर्यभानच्या कळपात माझा जन्म झाला. मला एका जागी थांबवत नाही. एका बांधावर तोंड लावलं की दुसरा बांध दिसतो. पहिलं कोकरू झाल्यापासून तर फारच. ते जरा नजरेआड झालं की माझ्या पायांना थारा नसतो.

सूर्यभानची लेक ज्ञानेश्वरी संभाजीनगरला कॉलेजात सिनेमा शिकते. तिला आणि तिच्या वर्गातल्या सत्यमला मिळून एक छोटी फिल्म करायची होती. शहरात चुकलेली मेंढी कळप शोधते, अशी गोष्ट. मेंढी म्हणून मला निवडलं.

"आबा, एकच दिवस," ज्ञानेश्वरी म्हणाली.

"कोकरू संगं ने. नायतर हिला चैन पडायची नाय," सूर्यभान म्हणाले.

पिकअपनं आम्ही संभाजीनगरातल्या मुकुंदवाडीला पोचलो. स्टेशनाजवळचं मोकळं मैदान. रिक्षांचे हॉर्न, वडे तळल्याचा वास, आणि गाडी आली की जमिनीची थरथर खुरांतून पोटापर्यंत चढायची. ज्ञानेश्वरी मला चालवी, थांबवी, पुन्हा मागे नेई. सत्यम कॅमेरा इकडचा तिकडं करी. एवढं चालून झालं तरी माणसांना तेच चालणं पुन्हा का हवं असतं, मला कळेना.

शेवटचा शॉट राहिला. मी एकटीनं उभं राहून हाक मारायची. पण कोकरू पोटाशी लुचत होतं. मी कशाला ओरडू?

"ऊन उतरायलंय," सत्यम म्हणाला. "परवा जमा करायचीय. ही ओरडली नाय तर आपली फिल्मच नाय."

ज्ञानेश्वरी दुसरी बॅटरी आणायला खोलीवर गेली. तेवढ्यात सत्यमनं कोकरू उचललं आणि कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत नेऊन ठेवलं. गिरणीच्या घरघरीत त्याचा आवाजही मला येईना.

मग मी ओरडले. भिंतीकडं धावले, परत फिरले, ओरडले. कास दुधानं ठणकत होती.

ज्ञानेश्वरी पळत आली. "अरे, कशी ओरडायली बघ!" म्हणत तिनं कॅमेरा हातात घेतला. मग एकदम तिची मान वळली. "सत्यम, कोकरू कुठंय?"

"हाय गं. शॉट तर होऊ दे."

मी तिच्याकडं बघत होते. लहानपणी तिनंच मला बाटलीनं दूध पाजलं होतं. वाटलं, आता ती धावेल. पण तिनं कॅमेरा बंद केला नाही. शॉट संपल्यावर मात्र अशी धावली, की एक चप्पल मैदानातच राहिली.

कोकरू पिठानं माखलं होतं. मी चाटत राहिले. मागे दोघांचं भांडण जुंपलं.

"मला विचारलं का तू?"

"विचारलं असतं तर नाय म्हणली असती."

"व्हय, म्हणले असते!"

"मग शॉट थांबवला का नाय?"

ती खाली बसून कोकराच्या पाठीवरचं पीठ झटकू लागली.

कॉलेजात फिल्म लई आवडली म्हणे सगळ्यांना. दिवाळीच्या सुट्टीत ज्ञानेश्वरी घरी आली आणि रानात, कळपाशेजारी बसून सूर्यभानना मोबाईलवर दाखवू लागली. ते कौतुकानं बघत होते. शेवटी मोबाईलमधून माझी हाक आली.

मी इकडं उभी होते. माझं कोकरू बांधाला चरत होतं. त्यानं मान उचलली आणि ते धावत सुटलं. माझ्याकडं नाही, मोबाईलकडं. त्याला हुंगू लागलं, नाकानं ढुसण्या देऊ लागलं.

"बघ, आईला ओळखलं त्यानं!" सूर्यभान हसले.

ज्ञानेश्वरी हसली नाही. तिनं फिल्म बंद केली आणि तिथूनच सत्यमला फोन लावला. "शेवटची हाक काढायची."

"आगं, आता पुण्याच्या स्पर्धेला पाठवायचीय फिल्म. तेवढंच तर लोकांच्या ध्यानात राहतं."

"मी बी थांबवलं नव्हतं, सत्यम. म्हणून म्हणते."

तो म्हणाला, "ये तू. दोघं बसून काढू."

आता ऊसतोड सुरू झाली की आम्ही पुढच्या रानांत निघू. कोकरू अंगानं भरलंय, लांब लांब चरायला जातं. माझा जीव अजून खालीवर होतोच. तुमच्या चित्रात मला खुशाल बोलवा. उन्हात उभी राहीन, सांगाल तितक्यांदा चालेन. हाक मात्र मागू नका. ती एकाच्याच कानासाठी आहे.