डोळे मिटून उभे राहा

शैलजा चुरी यांच्या गळ्यात कायम दोन गोष्टी लटकत असत, एक शिट्टी आणि दुसरं स्टॉपवॉच. चिंचणीची ही बाई सिल्वाशाच्या सरकारी मराठी शाळेत बावीस वर्षं खेळाच्या तासाला उभी राहत होती. कुठलं पोर किती सेकंदात किती धावतं, हे तिला त्याच्या आईपेक्षा जास्त ठाऊक असे. आणि एखादी गोष्ट अशीच का, हे कळेपर्यंत तिला चैन पडत नसे. त्यामुळे १९९२ च्या फेब्रुवारीत सरकारी दवाखान्याच्या डॉ. उषा वालावलकर मदत मागायला आल्या, तेव्हा बाईंनी पुरतं ऐकायच्या आधीच होकार दिला.

"गेल्या वर्षात चार म्हातारी माणसं खुब्याचं हाड मोडून आली," डॉक्टर म्हणाल्या. "पडल्यावर मी त्यांना वलसाडला पाठवते. पण कोण पडणार, हे आधी ओळखता येतं का, ते बघायचंय मला. तुम्ही मोजण्यात तरबेज. साठीच्या पुढचे लोक बोलावते, तुम्ही मोजा."

मोजायच्या गोष्टी तीनच होत्या. हात न टेकता खुर्चीवरून अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येतं, हे पायांच्या ताकदीसाठी. रक्तदाबाचा पट्टा गुंडाळून, त्यात थोडी हवा भरून मुठीत दाबायचा आणि पारा किती चढतो ते पाहायचं, हे हातांसाठी. आणि तोलासाठी दोन्ही पावलं जुळवून अर्धं मिनिट उभं राहायचं, आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून.

शनिवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये तीस-पस्तीस माणसं जमली. कारखान्यांतल्या इंजिनिअरांचे पुण्या-नाशकाहून आलेले आईवडील होते, सरकारी वसाहतीतले निवृत्त कारकून होते, आसपासच्या पाड्यांवरच्या काही वारली बायका होत्या. त्यांतल्या चिमाबाईंनी पहिल्यांदा बाईंचं गणित बिघडवलं. पंच्याहत्तरीची, काटकुळी बाई. खुर्चीत बसवलं तर पाय लोंबकळत राहिले आणि त्या हसतच सुटल्या.

"यावर कोन बसतं गं बाय? जमिनीवरशी उठू का?"

"उठा की."

चिमाबाई उकिडव्या बसल्या आणि उठल्या. पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. अर्ध्या मिनिटात बावीस वेळा. बाई आकडा लिहून त्याकडे नुसत्या बघत राहिल्या. जिने जन्मात खुर्ची वापरली नाही तिला खुर्चीने मोजायचं तरी कसं? त्यांनी कार्डावर एक नवीन रकाना आखला आणि वर लिहिलं, 'जमिनीवरून'.

मग आले भगवंतराव गायधनी. वय एकाहत्तर, नाशिकला तार खात्यात लाइनमन म्हणून नोकरी झालेली. चौतीस वर्षं खांबांवर चढण्यात गेली. पत्नी वारल्यावर दोन वर्षांपूर्वी ते मुलाकडे, विलासकडे, राहायला आले होते. विलास राखोलीच्या एका धाग्याच्या कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअर होता आणि आमलीला, शाळेपासून दोन गल्ल्या सोडून, भाड्याच्या घरात राहायचा.

भगवंतराव खुर्चीवरून सतरा वेळा उठले. मूठ अशी दाबली की पारा दोनशेचाळीसच्या वर गेला आणि रांगेतले लोक "वा, काका!" म्हणून ओरडले. पावलं जुळवून, डोळे उघडे ठेवून अर्धं मिनिट, तेही सहज झालं, जरा खाली जमिनीकडे बघत होते इतकंच.

"आता डोळे मिटा, काका."

त्यांनी डोळे मिटले. एक, दोन, तीन. चौथ्या सेकंदाला त्यांचं सगळं अंग उन्मळणाऱ्या झाडासारखं डावीकडे कललं. बाईंनी धावत जाऊन दंड धरला म्हणून बरं, नाहीतर तिथेच आडवे झाले असते.

मागून कोणीतरी गुजरातीत काहीतरी बोललं आणि दोघं-तिघं हसले. अर्थ सगळ्यांना कळला. काकांनी सकाळीच लावलेली दिसते. सिल्वाशात दारू उघडपणे मिळायची, पलीकडे गुजरातेत बंदी, त्यामुळे किलवणी नाक्यावर दुकानांची रांगच होती. लडखडणाऱ्या माणसाबद्दल इथे दुसरी शंका कुणाला येत नसे.

भगवंतरावांनी टोपी उचलली, डोक्यावर ठेवली आणि कार्ड न घेताच निघून गेले.

बाईंच्या मनातून ते काही जाईना. वास त्यांना आला नव्हता, अगदी जवळून दंड धरूनसुद्धा. आणि पायांत इतका जोर असलेला माणूस चार सेकंदांत कोसळतो कसा? ताकद असेल तर तोल असतोच, असं त्या पोरांना बावीस वर्षं शिकवत आल्या होत्या. म्हणजे एकतर त्यांचं शिकवणं चूक, नाहीतर हा माणूस वेगळा.

सोमवारी शाळा सुटल्यावर त्या कार्ड द्यायच्या निमित्ताने गायधनींच्या घरी गेल्या. दार सुवर्णाने, विलासच्या बायकोने, उघडलं. भगवंतराव आत पेपर वाचत बसले होते. त्यांनी नमस्कार केला आणि पुन्हा पेपरमध्ये तोंड घातलं.

सुवर्णाने स्वयंपाकघरात नेऊन हळू आवाजात सगळं सांगून टाकलं, जणू कोणी विचारायचीच वाट बघत होती. "तीन महिन्यांत चौथ्यांदा पडलेत मामंजी. ह्यांना वाटतं संध्याकाळी फिरायला जातात तेव्हा नाक्यावर... परवा तर ह्यांनी त्यांच्या तोंडाचा वास घेतला हो. स्वतःच्या वडिलांचा! मामंजी दोन दिवस जेवले नाहीत."

"आणि तुला काय वाटतं?"

"मला काहीच कळत नाही, बाई. वास तर नसतो. पण मग पडतात कशाने?"

"कुठे कुठे पडले, ते सांग बघू."

सुवर्णा बोटांवर आठवू लागली. एकदा बेसिनपाशी. एकदा लाइट गेली तेव्हा, पॅसेजमध्ये. एकदा गंजी काढताना पलंगाच्या कडेला. आणि एकदा फिरून येताना, काळोख पडल्यावर, गल्लीत.

"बेसिनपाशी काय करत होते?"

"तोंड धूत होते. साबण लावला होता तोंडाला."

बाई चहाचा कप हातात धरून तशाच थांबल्या. तोंडाला साबण. लाइट गेलेली. गंजी डोक्यावरून निघताना. काळोखी गल्ली. चारही वेळेला एकच गोष्ट होती, डोळ्यांना काही दिसत नव्हतं!

घरी जाऊन त्यांनी स्वतःवरच प्रयोग सुरू केले. डोळे मिटून, पावलं जुळवून उभ्या राहिल्या. अर्धं मिनिट, एक मिनिट, काही झालं नाही. मग दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शाळेच्या सामानाच्या खोलीत त्या कोलांट्यांच्या जाड गादीवर चढल्या आणि डोळे मिटले. लगेच अंग डुलायला लागलं. दहा-बाराव्या सेकंदाला त्यांना भिंत धरावी लागली. डोळे उघडले की तीच गादी, तोच पाय, पण काही त्रास नाही. खाली उतरल्या, परत चढल्या. चार वेळा करून पाहिलं. चित्रकलेचे सुकदेव सर दारातून डोकावून म्हणाले, "बाई, बरं आहे ना सगळं?"

"सर, मला सांगा, आपण उभे आहोत हे आपल्याला कोण सांगतं?"

"म्हणजे?"

"डोळे सांगतात. आणि पाय सांगतात. खाली जमीन कशी आहे, पाऊल कुठे टेकलंय, ते. मऊ गादीवर पायांना नीट कळत नाही, म्हणून सगळा भार डोळ्यांवर. तेही मिटले की गेला तोल." त्या गादीवरून उडी मारून उतरल्या. "त्या माणसाचे पाय धड आहेत, पण ते त्याला काही सांगतच नाहीयेत."

त्या संध्याकाळी त्या सरळ भगवंतरावांसमोर जाऊन बसल्या. विलास कारखान्यातून येऊन नुकताच बूट काढत होता.

"काका, शनिवारी तुम्हाला चारचौघांत उभं केलं ते मीच. तेव्हा उरलेलं तपासायचा हक्कही मला द्या. पाय पुढे करा आणि डोळे मिटा."

"आता आणखी काय राहिलंय?" ते म्हणाले, पण पाय पुढे केला.

बाईंनी त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा दोन्ही बाजूंनी चिमटीत धरला आणि हलकेच खाली वाकवला. "कुठे नेला?"

"वर."

परत खाली. "आता?"

"वरच." मग जरा थांबून, "का हो, नेला नाहीत का अजून?"

विलासचा हात बुटाच्या नाडीवर तसाच राहिला. बाईंनी सहा वेळा विचारलं, चार उत्तरं चुकली. हाताच्या बोटांची सगळी बरोबर आली.

"काका, चालताना कसं वाटतं पायाखाली?"

भगवंतरावांनी डोळे उघडले. "कापसावर चालल्यासारखं. वर्ष झालं असेल. चप्पल पायातून निघून गेलेली मला मागाहून कळते, नाक्यावरून परत फिरून शोधत येतो. म्हणून तर मी खाली बघत चालतो."

"बाबा, हे कधी बोलला नाहीत!" विलास म्हणाला.

"तू वास घेतलास. विचारलं कुठे?"

सुवर्णा गॅस बंद करायला म्हणून उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी विलासने अर्धी रजा टाकली आणि वडिलांना डॉ. उषांकडे नेलं. बाईही मागोमाग गेल्या, त्यांना राहवलंच नाही. डॉक्टरांनी चिमट्यासारखा एक लोखंडी काटा टेबलावर आपटून त्याची थरथर घोट्यावर ठेवली. भगवंतरावांना ती जाणवेना. गुडघ्यावर जरा जाणवली, मनगटावर चटकन. मग जीभ बाहेर काढायला सांगितली. ती गुळगुळीत, लालभडक होती. पापण्या आतून पांढुरक्या.

"पोटाचं काही ऑपरेशन झालं होतं?"

"अल्सरचं. एकोणीसशे चौऱ्याऐंशी साली, नाशकात. अर्ध्याहून जास्त पोट काढलं."

डॉक्टर बाईंकडे वळून हसल्या. "बघा, इथे आहे उत्तर. एक जीवनसत्त्व असतं, बी-बारा. ते अंगात शोषलं जायला पोटातला एक रस लागतो. पोटच काढलं, रस कमी झाला. यकृतात साठा असतो, तो काही वर्षं पुरतो, मग संपतो. पायांकडून मेंदूकडे निरोप नेणाऱ्या ज्या तारा असतात, त्यांचं वेष्टन उतरायला लागतं."

"तारांचं वेष्टन?" भगवंतराव पहिल्यांदाच पुढे सरकून बसले. "म्हणजे लाइन खराब. खांब ठीक आहे."

"अगदी तसंच."

"मग दुरुस्ती होते का?"

"वेळेवर कळलं तर बरीच होते. सगळी होईल असं मी सांगत नाही."

रक्त मुंबईला पाठवलं, आठ दिवसांनी कागद आला, अंदाज खरा ठरला. इंजेक्शनं मात्र डॉक्टरांनी त्याच दिवशी सुरू केली होती. औषध सरबतासारखं लाल होतं. आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला, पुढे महिन्याला, जन्मभर. बेसिनजवळ विलासने स्वतः भोकं पाडून लोखंडी दांडा बसवला. रविवारचा सबंध दिवस त्यात गेला. वडील स्टुलावर बसून 'दोन इंच खाली घे' वगैरे सांगत होते. माफी वगैरे विलासने शब्दांत मागितली नाही. संध्याकाळी फिरायला मात्र तो त्यांच्याबरोबर जाऊ लागला आणि नाक्यावर ओळखीचं कोणी भेटलं, की विचारायच्या आधीच सांगायचा, "बाबांच्या नसांचा आजार आहे, औषध चालू आहे."

बाई दर पंधरा दिवसांनी स्टॉपवॉच घेऊन हजर. मार्चमध्ये डोळे मिटून सहा सेकंद. एप्रिलमध्ये पाच. भगवंतरावांचा चेहरा उतरला, बाईंचा त्याहून जास्त. "नसा सावकाश भरतात," डॉक्टर म्हणाल्या, "रक्त आधी सुधारेल." तसंच झालं, गालांवर रंग आला, भूक लागली, पण पाय मुके ते मुकेच. बाईंनी तोवर व्यायाम लावून दिले. भिंतीच्या कोपऱ्यात उभं राहून तोल सावरणं, टाच-चवडा जोडून रेषेवर चालणं. मे महिन्यात भगवंतराव अंगणात अनवाणी उभे होते. पुढे झाले आणि एकदम म्हणाले, "सुवर्णा, इथे वाळू आहे का गं? टोचतंय."

सुवर्णाने खाली पाहिलं. होती. धावत जाऊन तिने बाईंना कळवलं.

जूनमध्ये अकरा सेकंद, ऑगस्टमध्ये एकोणीस, दिवाळीच्या आधी पूर्ण अर्धं मिनिट झालं. डोलले, पण पडले नाहीत. उजव्या पायाचा अंगठा तेवढा शेवटपर्यंत बधिर राहिला. वर की खाली, हे त्यांना त्याबाबतीत कधीच नीट सांगता आलं नाही.

नोव्हेंबरात त्यांनी नाशिकला बहिणीकडे जायचा हट्ट धरला, एकट्याने, एसटीने. विलास नको म्हणाला. प्रकरण बाईंकडे आलं. बाईंनी बरंच मोजून-मापून निकाल दिला. सकाळची गाडी घ्यायची, उजेड असताना पोहोचायचं, बॅटरी खिशात ठेवायची, गाडी चालू असताना उभं राहायचं नाही. विलासने त्यांना स्टँडवर बसवून दिलं आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत तो तिथेच उभा होता.

आठ दिवसांनी शाळेच्या पत्त्यावर पोस्टकार्ड आलं. तार खात्यातल्या माणसाचं अक्षर, सुटं आणि सरळ:

'बाईंस सप्रेम नमस्कार. सुखरूप पोहोचलो. पडलो नाही. इथे बहिणीला आणि तिच्या दोन शेजारणींना डोळे मिटून उभं केलं. बहीण तेवीस सेकंद, एक शेजारीण पुरतं अर्धं मिनिट. दुसरी नऊ. ही माझ्याहून आठ वर्षांनी लहान, तिचं ऑपरेशन वगैरे काही नाही, पायही शाबूत, अंगठा वर-खाली सगळं बरोबर सांगते. पण मान वळवली की जग फिरतं म्हणते. पाय आणि डोळे सोडून तोल सांगणारं आणखी तिसरं काही आहे काय? डॉक्टरांना विचारून उलट टपाली कळवावे.'

बाईंनी कार्ड दोनदा वाचलं. तिसरं काही? मधल्या सुट्टीची घंटा झाली होती. त्यांनी डबा तसाच ठेवला, कार्ड पर्समध्ये टाकलं आणि दवाखान्याच्या रस्त्याला लागल्या.