तीन वेळा लिहिलेला 'नू'

मित्रांनो, मी शब्दकोशाच्या कचेरीतले एक जुने कार्ड आहे. माझ्या माथ्यावर इंग्रजीतले 'नाऊ' हे क्रियाविशेषण लिहिले आहे. नाऊ म्हणजे आत्ता. त्याची वंशावळ सांगणे हे माझे काम. पण खरे सांगू? ती मला स्वतःलाच कधी नीट उमगली नाही.

मला लिहिले मामांनी. ते कोशाचे संपादक, पण सारी कचेरी त्यांना मामाच म्हणे. जुन्या इंग्रजीत 'नू', असे त्यांनी लिहिले. त्याआधीच्या भाषेत 'नू'. सर्वांत मुळातल्या भाषेतही 'नू'! शेवटच्या दोघांच्या डोक्यावर एकेक चांदणी. बाजूला चुलत भाऊ : लॅटिनचा 'नुंक', संस्कृतचा 'नूनम्'. बाप, आजा, पणजा एकाच तोंडवळ्याचे. कोण कुणाचा हेच मला कळेना. चांदण्या बक्षिसाच्या असाव्यात, असे समजून मी मात्र खणात ऐटीत राहत असे.

वर्षे गेली आणि संगणक आला. मामांची भाची आम्हाला एकेक करून त्यात उतरवू लागली. माझ्यापाशी ती अडली. मामांचे वय झाले, एकच शब्द तीनतीनदा लिहून बसले, असे तिला वाटले. तिने खालचे दोन 'नू' गाळले. चांदण्याही गेल्या.

पान छापायला जाण्याआधी मामांनी ते डोळ्यांशी धरले.

"माझे दोन नू कुठं गेले गं?"

"मामा, तेच तेच होतं. मला वाटलं, चुकून लिहिलंत."

"म्हातारा झालोय, भ्रमिष्ट नाही. पहिला नू जुन्या हस्तलिखितांत सापडतो. खालचे दोन कुणीच पाहिलेले नाहीत, म्हणून त्यांना चांदणी."

"कुणी पाहिलेच नाहीत, तर लिहायचे कशाला?"

"चुलत भावांची नाकं जुळतात ना? मग मूळ पुरुष एकच असणार. पण तो आपला अंदाज. अंदाजाला अंदाज म्हणायचं, एवढंच मी जन्मभर सांभाळलं गं."

भाचीने मान खाली घालून दोन्ही नू चांदण्यांसकट परत बसवले. माझी ऐट पार उतरली. कुणी न पाहिलेल्यांचा मी वारस! माझा गोंधळ उलट वाढलाच.

आता आमचे गठ्ठे रद्दीत निघाले आहेत. मला जपा, असे मी म्हणत नाही. पण मित्रांनो, कुणाचे लिहिणे चुकीचे वाटले, तर खोडण्याआधी त्याला विचारा. भाचीने नू गाळले, तेव्हा मामा पलीकडच्याच टेबलाशी बसले होते.