मिल संपते तिथे

‘नव्या आवृत्तीत आपले सर्व जुने काम जसेच्या तसे उघडेल.’

निवेदन अधिकृत होते. खाली सॉफ्टवेअर कंपनीचे चिन्ह होते आणि त्याखाली ‘आपल्या विश्वासाबद्दल आभार’ असेही छापले होते. पहिल्या भागापुरते ते वाक्य खरे होते. काम उघडले होते. गुणाबाईंचे गाणे पडद्यावर होते आणि त्यातली रेघ न् रेघ जागच्या जागी होती. ‘जसेच्या तसे’ या दोन शब्दांची तपासणी मात्र या क्षणी शेषेराव करत होते. त्यांना वाचता येत नव्हते. ते फक्त ऐकत होते.

गाणे संपले. सकाळच्या एसटीने शिरूर अनंतपाळहून आलेल्या शेषेरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“गाणं तेच हाय,” ते म्हणाले. “बाई कुठली आणलीस?”

“मामीच हायत, मामा.”

“मला नको सांगू. बावन्न वर्सं माझ्या घरात व्हती. ही कोन्तरी शिकल्याली बाई हाय. दम लागत न्हाई हिला.”

ध्वनिमुद्रण करणाऱ्या महेबूबने गाणे पुन्हा सुरुवातीला नेले. दोन दिवसांनी शेषेरावांच्या नातीची, आरतीची हळद होती. तिथे हे गाणे वाजायचे होते. दुसरे गाणे नव्हते, आणि गाणारी चौदा महिन्यांपूर्वी गेली होती.

महेबूबचा स्टुडिओ लातुरात एका डाळ मिलच्या गोदामावर होता. भिंतींना गाद्या ठोकल्या होत्या, दाराला रबर लावले होते, पण मिलची घरघर फरशीतून वर यायची आणि माइकच्या दांडीतून थेट आवाजात शिरायची. सोळा वर्षांत या खोलीत भजने झाली, कव्वाल्या झाल्या, खत-बियाण्यांच्या जाहिराती झाल्या, आणि प्रत्येकीच्या तळाशी मिल होती. ती काढून टाकायचे काम एक प्लगइन करत असे, म्हणजे ध्वनिमिश्रणाच्या मोठ्या प्रोग्रामला जोडलेली एक छोटी गाळणी. जुन्या आवृत्तीत या गाळणीचा प्रत्येक काटा हाताने फिरवावा लागे. किती गाळायचे, हे गाळणाऱ्याच्या कानावर होते. आज कालबाह्य ठरली आहे ती हीच व्यवस्था.

गुणाबाईंचा आवाज खालचा, घोगरा. ओळ संपली की त्या सूर तिथेच तोडत नसत. ओठ मिटून त्याला खाली उतरवत आणि पुढचा दम भरेपर्यंत घुमवत ठेवत. गावातल्या बायका त्या घुमण्यावरूनच पुढची ओळ उचलत. दुर्दैव इतकेच, की त्यांचे घुमणे आणि मिलची घरघर एकाच उंचीवर होती. मिल काढायला जावे, तर तिच्यासोबत गुणाबाईही जात.

डॉक्टरांनी दिवस मोजून सांगितल्यावर त्या इथे आल्या होत्या. आई नसलेली आरती त्यांनीच वाढवलेली. “तिच्या हळदीला मी नसंन, गाणं तरी असू दे,” म्हणाल्या. मग स्टुलावर बसून त्यांनी कागदाची पुडी सोडली, हळदीत बोट बुडवले आणि माइकच्या दांडीला लावले.

“हे कामून, मामी?”

“हळद लागल्याबिगर हळदीचं गाणं म्हनू न्हाई, बाबा. आन् आईक, तिच्या हळदीच्या आदी बाहेरच्या कुनाला ऐकवू नको. नक्कल बी काढू नको. कोरंच राहू दे.”

म्हणून पक्की प्रत कधी निघालीच नाही. काम अर्धवट स्वरूपात संगणकात राहिले, आणि ते तसे ठेवणे हाच शब्द पाळणे होते.

त्यानंतर तीन दुपारी गुणाबाई महेबूबच्या शेजारी बसल्या. कानाला हेडफोन, पदर डोक्यावरून त्याच्याही वर. महेबूब काटा फिरवायचा आणि त्या सांगायच्या.

“अजून काढ. अजून. आता मिल गेली बघ, पन मी बी चालले. मागं घे. इतकं नको रे, ती आली पुन्हा डोक्यावर बसाया. जरा. थांब.” बोट वर करून त्या ऐकत राहिल्या. “हितं मिल संपती. हितून मी.”

तो काटा कुठे थांबला, हे महेबूबने कुठेही लिहून ठेवले नाही. संगणकात होतेच.

नव्या आवृत्तीचा प्रश्न आणला दयानंदने. तो एका मोठ्या कोचिंग क्लासच्या रेकॉर्डिंगचा कारभार पाहायचा आणि महेबूबचे निम्म्याहून अधिक काम त्याच्याकडून येई. क्लासच्या फायली यंदापासून नव्या आवृत्तीतच येणार होत्या.

“महेबूबभाई, जग कुठं चाललंय आन् तुम्ही अजून काटे फिरवून राहिलेत,” तो म्हणाला. “नवी समदं आपोआप करती. तुम्ही चहा पिऊन येईस्तोवर सरांच्या आवाजातला पंखा जातो, खोकला जातो.”

“एखाद्या दिवशी सरच जातील.”

“गेले तर पोरं पेढे वाटतील.”

दोघेही हसले. मग महेबूबने विचारले, “जुनी ठेवून नवी घेता येत न्हाई का? हाताला सवय हाय जुनीची.”

“एक परवाना, एक आवृत्ती. नवी आली की जुनी बंद. पन भ्यायचं काय त्यात? जुनं समदं उघडतंय. लिहूनच दिलंय त्यांनी.”

महेबूबने नऊ दिवस विचार केला. संगणकाला ती झेपेल का, याचा केला. नवा पडदा, नवी बटणे या वयात अंगवळणी पडतील का, याचा केला. क्लास हातचा गेला तर पुढे काय, याचाही केला. घरी बायकोला, वहिदाला विचारले. ती म्हणाली, “कान तुमचे हायत, मी काय सांगू?” तिचे बोलणे त्याला आडमुठे वाटले. नवव्या दिवशी दुपारी त्याने बटण दाबले. चार मिनिटांत जुनी आवृत्ती गेली. दयानंदला फोन करून त्याने ‘झालं’ म्हणून सांगितले आणि भौतिकशास्त्राच्या एका सरांचा पंखा आपोआप नाहीसा होताना कौतुकाने पाहिला.

आज सकाळी शेषेराव यायच्या आधी त्याने गुणाबाईंचे काम उघडले. आणि उघडताक्षणी, एकही सूर ऐकण्यापूर्वी, त्याच्या डाव्या हाताने ते जतन केले.

हा हात सोळा वर्षे असाच शिकलेला होता. खाली मिलची मोठी मोटर सुरू झाली की वीज क्षणभर बसायची, संगणक मरायचा आणि न जतन केलेले काम त्याच्यासोबत जायचे. म्हणून काही उघडले की जतन, काही हलले की जतन. डोक्याला विचारण्याची हाताला गरज उरली नव्हती. नव्या आवृत्तीने गुणाबाईंनी थांबवलेला काटा स्वतःच्या हिशेबात बदलून घेतलेला होता. डाव्या हाताने त्या बदलावर शिक्का मारला. इतकी वर्षे जे काम वाचवण्यासाठी हात धावला, ते त्याच धावण्याने गेले.

पहिली ओळ संपली. तिच्यापुढे घुमणे नव्हते. तिथे शांतता होती, नुकत्याच पुसलेल्या फरशीसारखी.

त्याने कंपनीला कळवले. चाळीस मिनिटांत उत्तर आले, अत्यंत विनयशील: ‘आपण उल्लेखलेला भाग आमच्या प्रणालीने गोंगाट म्हणून अचूक ओळखला आहे. जुनी पद्धत आता उपलब्ध नाही. बहुसंख्य वापरकर्त्यांना हा फरक जाणवत नाही.’ बहुसंख्य वापरकर्त्यांनी गुणाबाईंना कधी ऐकलेले नव्हते, हे कंपनीने पुराव्यात धरले नव्हते.

यातले जेवढे सांगता आले, तेवढे महेबूबने शेषेरावांना सांगितले.

“म्हंजी ती गेली न्हाई,” शेवटी ते म्हणाले. “मिलीसंगं गेली.”

“हाव. गाळायच्या आधीचं हाय. पन त्यात मिल लई हाय.”

“लाव.”

महेबूबने गाळणी काढून टाकली. खोली घरघरीने भरली. त्या घरघरीतून गुणाबाईंचा आवाज आला, दूरचा, दळणाआडून बोलल्यासारखा. शेषेराव पुढे झुकले. ओळ संपली, घरघर उरली, आणि त्यांनी डोळे मिटले.

“हाय. ह्याच्यात हाय.”

“कुठं, मामा?” महेबूबचा हात नव्या गाळणीच्या एकुलत्या एक चकतीवर होता. “मी हळूहळू कमी करतो. मामी दिसल्या की थांब म्हना.”

दोनदा केले, तीनदा केले. प्रत्येक वेळी चकती जराशी हलली, की मिलही जायची आणि गुणाबाईही. चौथ्यांदा शेषेरावांनी हात वर केला, पण तो थांब म्हणण्यासाठी नव्हता.

“ऱ्हाऊ दे, बाबा. कुठं मिल संपती ते तिलाच ठावं. मी नुस्ता नवरा.”

तेवढ्यात एक वाजला आणि जेवणाच्या सुट्टीसाठी खालची मिल बंद पडली. फरशी शांत झाली. खोलीत मात्र सव्वा वर्षापूर्वीची मिल चालूच राहिली, आणि तिच्यात गुणाबाई.

“हेच दे,” शेषेराव म्हणाले. “मिलीसकट.”

“हळदीत लोक हसतील, मामा.”

“हसू दे. आरतीला वळखू यील.”

महेबूबने पेन ड्राइव्हवर गाणे उतरवले. शेषेरावांनी तो रुमालात बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली, टोपी घातली आणि दाराशी जाऊन थांबले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. एखादी वस्तू विसरली का, हे विचारावे तसे ते विचारत होते.

“एक सांग. बटन दाबायच्या आदी तू नऊ दिवस इचार केलास म्हनलास. तिच्या गान्याचं काय व्हईल, हा इचार कितव्या दिवशी केलास?”

बचाव तयार होता. कंपनीचे लेखी वचन पडद्यावर होते, विनयशील पत्रही होते. दोन्ही वाचून दाखवली असती तर कोणत्याही न्यायालयाने महेबूबला सोडले असते. त्याने पडदा बंद केला. माइकच्या दांडीवर हळदीचा डाग अजून पिवळा होता.

“एकाबी दिवशी न्हाई, मामा,” तो म्हणाला. “नऊ दिवसांत मला मामीची याद एकदाबी आली न्हाई.”